कपबशी

आमदारांसाठी राखीव असलेल्या सीटवरची कोणाची तरी पिशवी कंडक्टरने उचलली आणि जागा हाताने झटकली. पण खुशालराव तिथे बसले नाहीत.

"थे सीट आता माही नाही, बाप्पा," एवढं म्हणून ते मागे गेले. बिल्कीसने शिवायच्या कापडांचं गाठोडं मांडीवर घेऊन त्यांना जागा करून दिली. निकाल लागून तीनच दिवस झाले होते.

पाच वर्षं हा माणूस मोर्शीहून एसटीनेच हिंडला. कोणत्या पक्षाचा नाही, कोणाच्या दारचा नाही. संत्र्याचे बगीचे उभे वाळत होते आणि सगळी विधानसभा पॅकेजचं कौतुक करत होती, तेव्हा यांनी एकट्याने उठून विचारलं होतं, "झाडाले पाणी लागते, पॅकेज कोन्या नळीनं घालू?" मंत्रिपद चालून आलं, तेही परत पाठवलं. आणि चहाचं तर विचारूच नका. पहिल्या निवडणुकीपासून, म्हणजे पंचवीस वर्षं, त्यांनी चहाला तोंड लावलं नव्हतं. ज्याचा चहा घ्यावा त्याचं काम आधी करावं लागतं, असं म्हणायचे. आणि बाहेर सोडला म्हणून घरीही सोडला. अशा माणसाला यंदा निवडणूक चिन्ह मिळालं, कपबशी. सगळा तालुका हसला.

अपक्षाला दर वेळी नवं चिन्ह. गेल्या वेळचं त्यांचं शिलाई मशीन यंदा भलत्याच एका उमेदवाराला गेलं. तो प्रचाराला एकदाही फिरकला नाही, तरी दोन हजारांवर मतं घेऊन गेला. खुशालराव तीनशे बारा मतांनी पडले. मशीनला पडलेली ती मतं खरी कोणाची, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बिल्कीस मोहल्ल्यातली शिंपीण. यंदा खरीखुरी कपबशी हातात घेऊन घरोघर तीच फिरली होती, "बाजी, मशीन भूल जाओ," असं प्रत्येकीला बजावत.

माहुलीचा थांबा येईपर्यंत ती गाठोड्याची गाठ सोडत-बांधत होती. मग खिडकीबाहेर बघतच बोलली.

"भाऊ, मले माफ करा. मी मशीनच दाबली."

खुशालरावांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"सगळ्याइले मीच शिकवलं. आन् आत गेली त मशीन दिसली, हात गेलाच. रोजचा हात हाये ना. आवाज झाला तवा समजलं." तिने ओढणीने डोळे पुसले. "तीन दिवस झाले, मशीनवर बसवत नाही मले. तिच्याकडं पाहवतच नाही."

खुशालरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. थोडा वेळ ते टोपीची घडी नीट करत राहिले.

"कोणाले सांगू नको," ते हळूच म्हणाले. "मीबी मशीनच दाबली."

"काईतरीच, भाऊ."

"खरंच सांगून राहिलो. पाच वर्षांची सवय. घरी गेलो, पार्बतानं चहा देला, कपबशी हातात धरली तवा कुठी आठवलं. तिले अजून सांगतलं नाही. आता मले घरातून काढते का काय?"

बिल्कीस आधी त्यांच्याकडे बघत राहिली, मग तोंडावर ओढणी धरून हसू लागली. घरात त्यांच्या बायकोचा, पार्बताबाईंचा, दरारा केवढा, हे मोर्शीत सगळ्यांना माहीत होतं.

अमरावतीच्या स्टँडवर उतरल्यावर तिला फार हलकं वाटत होतं. त्याच भरात तिने कॅन्टीनवाल्याला दोन चहा सांगितले. कपबश्या समोर आल्या, तेव्हा तिला आठवलं. तिचा हात तिथेच थांबला.

कॅन्टीनवालाही बघत होता. "भाऊ, तुमी त चहा..."

खुशालरावांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग बशी खाली ठेवून मिशा पुसल्या.

"घरच्यासारखाच झाला," ते म्हणाले.