आधी टप्पा, मग वेग

वेस्ट विंडसरच्या काउंटी पार्कात, मोरेश्वरकाकांच्या नेट्समध्ये कुणी इंग्रजी बोललं की त्याला मैदानाला एक चक्कर मारावी लागे. क्रिकेटचे शब्द त्यातून सुटले होते, कारण यॉर्कर आणि इनस्विंगर हे शब्द इंग्रजी आहेत हेच काकांना मान्य नव्हतं. या नियमाने नेत्राचं दुहेरी भलं झालं. तिचा दम वाढला आणि मराठी सुधारलं. इथेच जन्मलेली सतरा वर्षांची ही मुलगी घरी आईशी इंग्रजीत भांडायची, पण बोलिंगचा विषय निघाला की तिच्या तोंडून आपोआप मराठी यायचं.

काका अठ्ठ्याहत्तर साली नागपूरहून अमेरिकेत आले, पस्तीस वर्षं त्यांनी इथले पूल बांधले, आणि निवृत्त झाल्यावर घरात बसून काकूंचं डोकं खाण्यापेक्षा आसपासच्या मुलांची एक टीम बांधली. त्या टीममध्ये नेत्रा अकराव्या वर्षी आली. मुलगी ती एकटीच. काकांनी तिला नावं ठेवली नाहीत की लाडावलंही नाही. मॅटवर डब्याचं एक स्टीलचं झाकण ठेवलं आणि म्हणाले, "यावर पडला तर बॉल, नाहीतर नुसती हमाली."

सहा वर्षं तिने हेच केलं. हिवाळ्यात बर्फ पडलं की शाळेच्या जिममध्ये, उन्हाळ्यात पार्कात. शेवटी शेवटी झाकणाला इतके पोचे आले होते की ते कुठल्याच डब्याला बसलं नसतं.

वेगाचा मोह तिला झाला नव्हता असं नाही. बाराव्या वर्षी एकदा कुणीतरी तिला चिडवलं म्हणून तिने रागाच्या भरात एक चेंडू असा सोडला की तो बॅटिंग करणाऱ्या मुलाच्या कानाजवळून गेला आणि मागच्या जाळीतून आरपार झाला. काका जाळीपर्यंत गेले आणि त्यांनी भोकात बोट घालून पाहिलं. मग जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, हे नको. आधी टप्पा, मग वेग. वेग काय, वयाबरोबर आपोआप येतो. केळं झाडावर ओढून पिकवतात का?" त्या दिवशी त्यांनी तिचा अठरा पावलांचा रनअप अकरा पावलांवर आणला.

वर आपली गोष्टही सांगितली. कॉलेजात काका फास्ट बोलर होते. तिथल्या दाभाडकर सरांनी त्यांना सांगितलं, दोन ओव्हर टाकून बॉल जुना करायचा आणि स्पिनरच्या हातात द्यायचा, जोर कशाला लावतोस? टप्पा धर. "मी ऐकलं," काका म्हणायचे, "टप्पा धरला, आणि म्हणून युनिव्हर्सिटीकडून खेळलो." ही गोष्ट नेत्राने निदान वीस वेळा ऐकली असेल. तिला ती पाठ होती आणि त्या गोष्टीवर तिचा विश्वासही होता. माणूस एकदा गुरू मानला की त्याच्या गोष्टी कोण तपासून बघतं?

टीम जिंकत होती. मुलं एका बाजूने जीव खाऊन जोरात टाकायची, धावा द्यायची, विकेट घ्यायची. दुसऱ्या बाजूने नेत्रा. चार ओव्हर, बारा धावा. सलग तीन वर्षं लीगचा कप काकांच्या दिवाणखान्यात आला. प्रत्येक वेळी काका सगळ्यांसमोर सांगायचे, "एक टोक धरणारं कुणीतरी लागतं. नेत्रा आपला खांब आहे." खांब म्हटल्यावर तिचा चेहरा खुलायचा.

मग एका शनिवारी एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या टीमची निवड चाचणी आली. ही टीम दोन वर्षांसाठी निवडली जाणार होती आणि दोन वर्षांनी नेत्राचं वय उलटलेलं असणार होतं. म्हणजे हीच एक संधी. काका येणार म्हणाले होते, पण आदल्या दिवशी फोन आला, "गुडघ्याने संप पुकारलाय गं. तू जा. तुला माझी गरज नाही."

तिने चोवीस चेंडू टाकले. निवड करायला आलेली गयानाची एक उंच, पिकल्या केसांची बाई चेंडूचा वेग मोजणारी स्पीड गन हातात धरून उभी होती. शेवटी तिने नेत्राला बाजूला घेतलं. बाई तोडून बोलणारी नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं.

ती म्हणाली, "एकवीस बॉल एकाच जागी. माझ्याकडच्या एकाही मुलीला हे जमत नाही. पण ते मी त्यांना वर्षभरात शिकवीन. तू ताशी सत्तावन्न मैलांनी टाकतेस. मला बासष्टच्या पुढची मुलगी हवी आणि हे पाच मैल मी तुला आता शिकवू शकत नाही. बारा-तेराव्या वर्षी तुला मोकळं सोडलं असतं तर आज चित्र वेगळं असतं. खांदे तर फास्ट बोलरचेच आहेत तुझे. कुणी थांबवलं तुला?"

नेत्राने काकांचं नाव घेतलं नाही. परक्या बाईसमोर आपल्या माणसाला कसं उघडं पाडायचं? "माझी मीच," ती म्हणाली.

गाडीत आईने तिला रडू दिलं. नेत्राची आई, शुभा, औषधांच्या लॅबमध्ये काम करायची आणि सहा वर्षं या मुलीला पहाटे उठून नेट्सना सोडायची. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काकांना फोन कर. वाट बघत असतील."

"नको. फोनवर नको. ही विल फील सो बॅड, आई. समोर जाऊन सांगते."

आणि गंमत बघा, सबंध रस्ताभर ही मुलगी स्वतःचं दुःख बाजूला ठेवून काकांची समजूत कशी घालायची याची वाक्यं जुळवत होती. काका, तुमच्या काळात स्पीड गन कुठे होती? काका, तुम्हाला कसं कळणार? तुमच्यावर माझा राग नाही. मराठीत नीट सांगता यावं म्हणून तिने 'राग नाही' हे दोनदा पुटपुटून पाहिलं.

काकांच्या दारात आई गाडीतच थांबली. नीलाकाकूंनी दार उघडलं आणि तिला बघून त्यांचा चेहरा पडला. "अगं तू? आज? ते जरा... बस ना, चहा टाकते." काकू चहा टाकायला इतक्या घाईने वळल्या की नेत्राला नवल वाटलं. तेवढ्यात घरामागून चेंडू कुंपणाच्या फळीवर आदळल्याचा मोठा आवाज आला. पाठोपाठ काकांचं खदखदून हसणं. नेत्रा "मी बघते" म्हणाली आणि घराला वळसा घालून मागे गेली.

मागच्या अंगणात हिरवी मॅट अंथरली होती. काका दोन्ही पायांवर ठणठणीत उभे होते आणि त्यांच्या हातात स्पीड गन होती. समोर त्यांचा नातू कुश, तेरा वर्षांचा, जर्सी सिटीहून दर शनिवारी येणारा. या अंगणात कुशची बॅटिंग चालते, असं काकांनी टीमला सांगून ठेवलं होतं. कुश लांबून धावत आला आणि त्याने चेंडू टाकला. तो टोमॅटोच्या वाफ्यात जाऊन पडला.

"आजोबा, सगळे वाइड जातायत," कुश वैतागून म्हणाला.

"जाऊ देत! साठ मैल आहे, लेका! टप्प्याला घाल चुलीत. तुला सांगितलंय ना मी? आमचे दाभाडकर सर म्हणाले टप्पा धर. मी ऐकलं. एका वर्षात माझा वेग गेला तो गेला. नंतर किती डोकं आपटलं, परत आला नाही. म्हणून युनिव्हर्सिटीतच अडकलो, पुढे कुणी विचारलं नाही. वेग याच वयात हाडात शिरतो. टप्पा काय, तिशीतसुद्धा शिकता येतो. तू फक्त जोरात टाक."

नेत्रा भिंतीच्या कडेला उभी होती. तेच सर, तेच कॉलेज, तीच गोष्ट, आणि शेवट मात्र उलटा. तिला आधी वाटलं, आपल्यालाच मराठी नीट कळलं नसेल. पण कळलं होतं. काकांनीच शिकवलं होतं तिला मराठी.

"काका."

काका वळले. स्पीड गन पाठीमागे लपवायचा त्यांचा हात अर्ध्यात थांबला. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, लोणी चोरताना सापडलेल्या पोरासारखा दिसत होता.

"अगं... झाली का चाचणी? घेतलं ना?"

"नाही घेतलं. वेग नाही म्हणाल्या. बाराव्या वर्षी शिकायला हवा होता म्हणाल्या." तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून शांत होता. "हे तुम्हाला माहीत होतं."

"तुझी पाठ जपली मी, पोरी. वाढत्या वयात फास्ट बोलरची पाठ..."

"कुशला पाठ नाही?"

काकांनी कुशकडे पाहिलं. कुश बुटाने मॅट उकरत होता. काका बागेतल्या खुर्चीवर बसले, आणि खोटं बोलायचं बळ संपल्यावर माणूस जसं बोलतो तसं बोलू लागले.

"मला वाटलं नव्हतं तू इथवर येशील. दोन वर्षं खेळशील, मग एसएटीची परीक्षा, कॉलेज, सोडून देशील. मुली सोडतात. आणि मला एक टोक धरणारं कुणीतरी हवं होतं. मुलं ऐकत नाहीत, सगळ्यांना जोरात टाकायचं असतं. तू ऐकायचीस."

"तो बॉल आठवतो तुम्हाला? जाळीतून गेलेला?"

"आठवतो," काका म्हणाले. "त्या रात्री मला झोप नव्हती. इतका फास्ट बॉल मी त्या वयात कुणाचा पाहिला नव्हता. माझासुद्धा नाही."

"आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पुन्हा झाकणावरच टाकायला लावलं."

"नंतर सांगू म्हटलं. मग टीम जिंकायला लागली. मग उशीर झाला." काकांनी चष्मा काढून पुसला. "तू माझ्यावर रागावू नकोस. मी तुला नातीसारखं..."

हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही हे बरं झालं. सख्खा नातू चार हातांवर उभा होता.

नेत्राने वाकून चेंडू उचलला आणि स्पीड गन काकांच्या हातून काढून कुशला दिली. "माझा वेग बघ," ती म्हणाली आणि पार कुंपणापर्यंत मागे गेली. तिला आता टप्पा नको होता. तिला तो चेंडू कुठेही जायला हवा होता. वाफ्यात, शेजाऱ्यांच्या खिडकीत, आकाशात. फक्त जोरात. सहा वर्षं दाबून धरलेलं सगळं एकवटून ती धावली आणि खांदा निखळेल इतक्या ताकदीने तिने चेंडू सोडला.

"फिफ्टी एट," कुश म्हणाला.

चेंडू उचलून ती पुन्हा मागे गेली. धावली. टाकला.

"फिफ्टी सेव्हन."

तिसऱ्यांदा ती ओरडली सुद्धा. कुशने आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला. मग बिचारा हळूच म्हणाला, "सेम."

चौथ्या वेळी तिने मुद्दाम वाकडा टाकायचं ठरवलं. दिशा सोडायची, बस्स. हात वर गेला, मनगट ऐनवेळी आपलं आपण सरळ झालं आणि चेंडू आधीचे तीन जिथे पडले होते तिथेच पडला. धूळ बसलेल्या मॅटवर चारही चेंडूंचा मिळून एकच डाग उमटला होता, वाटीएवढा.

"वा!" खुर्चीतून काका उठले. हा माणूस स्वतःला थांबवूच शकला नाही. "बघ कुश, हात बघ तिचा! रागात टाकला तरी तिथेच! याला म्हणतात टप्पा!" त्यांचे डोळे भरून आले होते. त्या आवाजात इतका खरा अभिमान होता की नेत्राला त्याची शिसारी आली.

धापा टाकत ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तो तिच्या खांद्याला होता, पण ऐकत काकांचं होता.

"उद्या फायनल आहे," काका चाचरत म्हणाले. "येशील ना?"

"मी तुमचं सगळं ऐकलं, काका," नेत्रा म्हणाली. "एकही दिवस असा गेला नाही की ऐकलं नाही."

काकूंनी खिडकीतून चहा झाल्याचं सांगितलं. मग नेत्रा घराच्या बाजूने परत निघाली आणि गाडीत आईशेजारी जाऊन बसली.