शेवटच्या डब्याची ट्रॉली

भोजराजांना झटका आला त्याला सात महिने झाले होते. उजवा हात गेला, वाचा गेली, आणि उरला तो एकच शब्द: "हौ." जेवायचं का, हौ. नाही जेवायचं का, तरी हौ.

"हा पंखा तुमचा जावई हाय का विचार, तरी हौच म्हणतीन," राजेंद्र बहिणीला म्हणाला. "ताई, बाबाले आता काही समजत नाही. नागपूरच्या केअर सेंटरमध्ये मी जागा पाहून आलो. उद्या नेतो."

"समजते त्याईले. मी दाखवते तुले."

नूतन शाळेत फिजिक्स शिकवायची. पुराव्याशिवाय बोलणं तिला जमत नसे. भोजराज छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज रेल्वे, बंद होईपर्यंत तिथे फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी प्लायवूडच्या मोठ्या फळीवर तीच गाडी लहान करून मांडली होती: एक इंजिन आणि पाच डबे. झटका आल्यापासून ती बंदच होती. नूतननं त्यांची खुर्ची फळीशी आणली आणि करंट सोडला.

पहिल्याच वळणावर शेवटचा डबा सुटून मागे राहिला. नूतननं मोजपट्टी लावून मोजलं. त्या डब्याचं कपलिंग पुढच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली होतं, त्यामुळे वळणावरच्या चढाला दोन आकडे एकमेकांतून निसटत होते. तिनं डब्याखाली पातळ वॉशर घातला. आकडे जुळले. आता डबा सुटेना, पण त्याच वळणावर रुळावरून उतरू लागला.

डब्याच्या दोन्ही टोकांना चार-चार चाकांची एकेक चौकट असते. भोजराज तिला ट्रॉली म्हणत. ती एका पेचावर फिरते. एका ट्रॉलीचा पेच नूतनला किंचित सैल लागला. तिनं दोन्ही सारखे आवळले. डबा पुन्हा उतरला.

"झालं तुझं दाखवणं?" राजेंद्र म्हणाला.

तेवढ्यात भोजराजांनी डावा हात पुढे केला. डबा उलटा करून मांडीवर घेतला. पेचकस दोनदा सटकला. नूतन मदतीला वाकली, तर त्यांनी तिचा हात बाजूला सारला. मग एकच पेच, आधी किंचित सैल होता तोच, पहिल्यापेक्षाही अर्धा फेरा जास्त सैल केला. ती ट्रॉली आता वळायचीच, शिवाय जराशी डुलायचीही. फळी दमटपणानं वाकली होती. दोन्ही ट्रॉल्या ताठ असल्या की एक चाक अधांतरी राहणारच; एक डुलती असली की डबा तीनच टेकूंवर बसतो. तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही, हे नूतन दरवर्षी वर्गात शिकवायची.

गाडी पूर्ण फिरली. तीनदा.

राजेंद्र पुढे आला. मग वडिलांच्या पायाशी खाली बसला. सात महिन्यांत पहिल्यांदा तो त्यांनाच विचारत होता. "बाबा, माझ्यासंगं नागपूरले येता, का ताईजवळ राह्यता? हातानं दाखवा."

भोजराजांनी राजेंद्रकडे बोट केलं.

"पहिलं नाव तुझं घेतलं म्हणून," नूतन म्हणाली. तिनं प्रश्न उलटा केला. "बाबा, माझ्याजवळ राह्यता, का राजेंद्रसंगं जाता?"

बोट पुन्हा राजेंद्रकडेच गेलं. मग तो हात नूतनच्या मनगटावर आला. त्यांना रोज उचलताना ते मुरगळलं होतं, आणि त्यावर पट्टी होती. भोजराज पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले.

नूतनला तिसऱ्यांदा विचारावंसं वाटलं. पण बाबांना समजतं, हे तिनंच आत्ता सिद्ध केलं होतं. ती उठली आणि उद्यासाठी त्यांचे स्वेटर काढायला आत गेली.