इंदुताईंचा यॉर्कचा दिवस

मित्रांनो, चिंचवडच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या चादरींखाली एक व्हीलचेअर दिसते. ती मी. आता मी जुनी झाले आहे. माझ्या पाठीवर टॉवेल टाकतात आणि बैठकीवर कांद्यांची टोपली ठेवतात.

महाळुंग्याजवळच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी इंदुताईंच्या घरी आले. इंदुताई शाळेत इतिहास शिकवायच्या. मणक्याच्या आजाराने त्यांचे पाय गेले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांचे यजमान आबाजी चाकणच्या कंपनीतून नुकतेच निवृत्त झाले होते. ते त्यांना उचलून माझ्यात बसवत आणि म्हणत, "चल, नदीवर जाऊन येऊ." हळूहळू मंडई झाली, लग्नकार्ये झाली, मतदानही झाले. पुढे इंदुताई शेजारणींना सांगू लागल्या, "माझी गाडी आहे, मला कुणाची गरज नाही." ते ऐकून मला फार बरे वाटायचे.

त्यांचा मुलगा सुजित इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरी करतो. त्याने दोघांना बोलावले, तेव्हा इंदुताईंनी एकच मागणे मागितले. "मला एक दिवस यॉर्कला ने. जुन्या तटबंदीवर माणसे अजून फिरतात, असे गाव मला बघायचे आहे."

मग रोज संध्याकाळी मला टेबलाजवळ ओढून त्या फोनवर यॉर्कचे रस्ते बघत बसत. आधी रेल्वेचे संग्रहालय, कारण ते आबाजींना आवडेल. मग मोठे चर्च. तिथे चाकांसाठी उतार आहे, हे त्यांनी शोधून काढले होते. तटाला पायऱ्या होत्या. "तुम्ही वर चढा आणि मला हात करा. मी खाली हिरवळीवर थांबेन," त्या म्हणाल्या. शेवटी एक अरुंद गल्ली होती. तिथल्या जुन्या घरांचे वरचे मजले एकमेकांकडे झुकलेले होते.

"तिथे दगडी फरशी आहे. तुमचे हात दुखतील."

"दुखू दे की! आपण हितंच सराव करू," आबाजी म्हणाले.

पवनेच्या घाटाजवळ, ओबडधोबड फरशीवर, त्यांनी खरोखरच सराव केला. माझी पुढची चाके उचलून मागच्या चाकांवर कसे न्यायचे, ते त्यांना जमू लागले. एकदा इंदुताई घसरता घसरता वाचल्या आणि दोघेही पोट धरून हसले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

व्हिसा आले. आणि सुजितचा फोन आला.

"आई, मी खूप विचार केला. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. यॉर्कला सगळे दगडी रस्ते. तुझेच हाल होतील. या वेळी बाबांना एकट्यांना येऊ दे."

"अरे, मी सगळं बघून ठेवलंय."

"फोटोत बघणं वेगळं असतं, आई."

इंदुताईंनी मान वळवून मागे पाहिले. आबाजींचे हात माझ्या मुठींवर होते. मला वाटले, आता हे बोलतील. आबाजींनी हात काढून घेतले.

"पोरगं म्हनतंय ते बी खरंच हाय," ते पुटपुटले.

सोबतीला दापोडीहून इंदुताईंची बहीण साधना आली. भरलेली बॅग पाहून तिचा तोल गेला. "दाजी, तुमचा पाय तरी कसा निघतो हो?"

"जाऊ दे त्यांना," इंदुताई म्हणाल्या. "निदान एकाने तरी बघावे."

आबाजी परतले ते नवा कोट घालून. तटावर उभे राहून हसतानाचे त्यांचे फोटो होते. ते सांगायच्या आधीच इंदुताई प्रत्येक जागेचे नाव घेत होत्या. सगळे फोटो संपल्यावर त्यांनी विचारले, "त्या गल्लीत माझी खुर्ची चालली असती का?"

आबाजींनी बाहीने फोनची काच पुसली.

"व्हय. दोघं-तिघं तर माझ्या म्होरनंच गेले खुर्चीतून."

"आणि चर्चमध्ये?"

"तिथं बी उतार हाय. तू म्हनली व्हतीस तसाच."

"सुजितला दाखवलात?"

"न्हाई."

"मला पलंगावर न्या," इंदुताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आबाजींनी मला दाराशी आणले. "चल, नदीवर जाऊ."

"तुम्ही जाऊन या. तुम्हाला सवय झाली आहे."

तेव्हापासून इंदुताई दवाखान्यापुरत्याच माझ्यात बसतात. बाकीचे दिवस मी बाल्कनीत असते. चाकांतली हवा गेली आहे, सांधे गंजले आहेत. आबाजी कधीतरी टोपली उचलतात, माझ्यावरची धूळ झटकतात आणि टोपली पुन्हा ठेवतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला वेळेवर तेल घाला. पण जे माणूस तिच्यात बसते, त्याला काय झेपेल हे त्याच्या वतीने ठरवू नका. आधी त्यालाच विचारा. मला ढकलायला फारशी ताकद लागत नाही. खरी ताकद लागते ती त्या माणसासाठी तोंड उघडायला, आणि तेही वेळेवर.