मुठीखालचे कुंकू

मी एक जुनी रिव्हॉल्व्हर आहे. घाबरू नका मित्रांनो, माझ्या पोटात आज एकही गोळी नाही आणि यापुढे कधी असणारही नाही. तरीही एक गोष्ट आधी सांगून ठेवते. माझ्यासारखी वस्तू कुठे दिसली, तर तिला हात लावू नका, मोठ्या माणसाला हाक मारा. एवढे कबूल असेल तर पुढे ऐका.

नव्वद वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. नळी, चाप, घोडा, गोळ्यांचे फिरते चाक, सगळे पोलादाचे. मूठ मात्र अक्रोडाच्या लाकडाची. दोन बाजूंना दोन पातळ फळ्या आणि त्या धरून ठेवणारा एक स्क्रू. कोटाच्या खिशात मावावी म्हणून की काय, कारागिरांनी ती फार लहान ठेवली होती.

बरेच हात फिरून मी फणसवाडीत अण्णांकडे आले. अण्णा सरकारी कचेरीत नकाशे काढत आणि रविवारी सकाळी नेमबाजीच्या क्लबात जात. त्यांच्याकडे रीतसर परवाना होता. निवडणुका आल्या की ते मला पोलीस ठाण्यात जमा करत आणि निकालानंतर परत आणत. कागदावरचे काळे वर्तुळ, एवढेच आमचे लक्ष्य. माणसावर त्यांनी मला कधी रोखले नाही.

अण्णांचा पंजा थोराड होता. माझ्या मुठीवर त्यांच्या करंगळीला जागाच उरत नसे. गोळी सुटली की मी त्यांच्या हातात सरकायची आणि चापाभोवतीची कडी त्यांच्या मधल्या बोटाच्या पेरावर आपटायची. पेर काळेनिळे पडायचे. क्लबातले मित्र हसायचे.

"अहो अण्णा, ही बाहुलीची मूठ फेका आणि मोठी रबरी बसवा!"

"मूळ मूठ आहे ही," अण्णा म्हणायचे. "तुमचं नाक नकटं आहे, म्हणून बदललंत का तुम्ही?"

मग त्यांनीच युक्ती काढली. कडीच्या मागे जी पोकळी राहते, तिच्यात बसेल अशी शिसवी लाकडाची छोटी पाचर त्यांनी कोरली. माझ्या मुठीला कानसही लावली नाही. पाचर बसली आणि मधल्या बोटाला टेकू मिळाला. त्या दिवसापासून त्यांचे पेर दुखले नाही.

त्यांची मुलगी सुनेत्रा सोळा वर्षांची झाली, तेव्हा अण्णांनी क्लबात प्रथमच मला तिच्या हाती दिले. तिचा हात लहान. तिला पाचर लागलीच नाही.

"आवळू नकोस गं," अण्णा शेजारी उभे राहून सांगत होते. "पेटलेली पणती उचलतेस ना, तशी धर. ढिली नको, घट्टही नको. पंजा वर घे अजून. पण अंगठा घोड्याच्या वाटेत आणू नकोस."

"आणि करंगळी? ती लटकतेय."

"मुठीखाली दुमड. बसू दे तिला तिथे पाहुण्यासारखी."

सुनेत्राने श्वास रोखला आणि चाप हळूच मागे घेतला. वर्तुळाच्या मधोमध भोक पडले. अण्णा कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. "तुझ्याच हातासाठी घडवलीय ही," ते म्हणाले. "मी उगाच पाचर मारून बसलोय."

माझे सुखाचे दिवस ते हेच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या घरी शस्त्रपूजा होई. अण्णांच्या पत्नी मायाताई मला पाटावर ठेवत. फुलाने पाणी शिंपडत, गंध लावत, हळदकुंकू वाहत. दुसऱ्या दिवशी अण्णा दार लावून बसत, स्क्रू काढून मूठ उघडत आणि आतले पोलाद पुसून तेलाचा हात फिरवत. सुनेत्रा पाहायला आली की ते तिला घालवून देत. "तू नको. स्क्रू-ड्रायव्हर घसरला तर लाकडावर ओरखडा येईल. मुठीला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

अकरा वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. त्यांनी सत्तरी ओलांडली होती, म्हणून परवाना सुनेत्राच्या नावे झाला. पण नोकरी आणि अण्णांचे आजारपण यांत तिचा क्लब सुटला आणि मी कुलपाच्या कपाटात गेले.

खंडेनवमी मात्र चुकली नाही. सुनेत्रा मला बाहेर काढी आणि मायाताई पूर्वीपेक्षाही भक्तीने पूजा करत. "ह्यांची आहे ती," असे म्हणून दोन पळ्या पाणी जास्तच घालत. ते पाणी, ते ओले कुंकू फळ्यांच्या फटीतून आत उतरे. सुनेत्रा मला बाहेरून लख्ख पुसून, नळीला तेल लावून ठेवी. स्क्रूला ती हात लावत नसे. अण्णांनीच तसे बजावले होते ना!

यंदा क्लबाने जुन्या हत्यारांची स्पर्धा ठरवली. अण्णा आता बरे होणार नाहीत, हे डॉक्टरांनी सुनेत्राला सांगितले होते. अण्णांनी एकच हट्ट धरला. "मला खुर्चीतून ने. तुझा नेम एकदा बघू दे."

त्यांनी मला मागून घेतले. सुनेत्राने त्यांची बोटे एकेक करून माझ्या मुठीवर ठेवली. तो थोराड पंजा पार वाळला होता.

"बघ सुनेत्रा, पाचरीशिवाय बसली," अण्णा म्हणाले.

सुनेत्राने तोंड खिडकीकडे वळवले.

स्पर्धेआधी तपासणी हवी, म्हणून ती मला लालबागला रामजीकाकांकडे घेऊन गेली. जुनी हत्यारे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी स्क्रू फिरवला, तो फिरेना. तेल सोडून अर्धा तास थांबले. अखेर फळी सुटली. आत सगळे लाल होते. गंज कुठला आणि कुंकू कुठले, ते कळत नव्हते.

काकांनी ब्रशने झाडले, भिंगातून पाहिले. मग चष्मा काढून ठेवला.

"अगो बाय, शेवटची कधी उघडलेलीस ही?"

"मी... मी नाही उघडली कधी."

"स्प्रिंग बसते ती जागा सडली. आणि हा बघ, चौकटीला तडा. नाय चालणार आता."

"काका, सहाच गोळ्या. अण्णांसाठी. मग आयुष्यात परत नाही मागणार."

"एकसुद्धा नाय. हातात फुटली तर बोटं जातील तुझी. अण्णांका काय दाखवशील मग?"

सुनेत्राने त्या लहान फळ्या रुमालात बांधल्या आणि मला घेऊन घरी आली. तिने काहीच लपवले नाही. मायाताई ऐकता ऐकता खाली बसल्या.

"म्हणजे माझ्या हातानं झालं हे? मी फुलं वाहत होते आणि..."

"तुझ्या नाही," अण्णा अडखळत म्हणाले. "हिला नेम शिकवला मी. मूठ उघडायला नाही शिकवली. एका ओरखड्याला भ्यालो."

मायाताईंनी पदराने त्यांचे डोळे पुसले आणि मग स्वतःचे.

स्पर्धा रविवारी आहे. फणसवाडीतून कोणी जाणार नाही. उद्या सुनेत्रा मला पोलीस ठाण्यात जमा करील आणि तिथून मी वितळायला जाईन. मला वितळण्याचे दुःख नाही. अण्णांनी तेवढा एक नेम पाहायला हवा होता.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. आजोबांची बाजाची पेटी असेल, नाहीतर भिंतीवरचे घड्याळ. दसऱ्याला तिला फूल जरूर वाहा. पण ती आतून कशी आहे, हे घरात कोणाला ठाऊक आहे, ते विचारा. त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि ती उघडायला, पुसायला, पुन्हा जोडायला शिका. ते रागावतील, नको म्हणतील, ओरखडा येईल म्हणतील. येऊ द्या ओरखडा. त्यांचे हात चालत आहेत तोवर शिकून घ्या.