पाण्यातला राजा

ल्यूबेनसाहेबांचे पाय त्या दिवशी जमिनीला लागत नव्हते. प्लॉवडिवजवळच्या टेकडीतून त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वीचा राजा उकरून काढला होता आणि राजाच्या दातातला डीएनए त्यांच्याशी अक्षर न् अक्षर जुळला होता. मग काय, चॉकलेटचा डबा घेऊन साहेब संस्थेतल्या खोलीखोलीतून फिरले. आनंद झाला की ज्याने त्याने इतरांचं तोंड गोड करायचं, ही तिथली रीत.

प्रयोगशाळेत नेवेना मात्र घाम पुसत होती. दाताची पूड तिने केली होती आणि तिची पीएचडी त्या पुडीवरच उभी होती. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए तिथे नोंदवून ठेवतात, चुकून कोणाचा मिसळलाच तर ओळखता यावा म्हणून. साहेबांनी त्या यादीत आपलंच नाव जुळलेलं पाहिलं आणि थेट नातं जोडून मोकळे झाले.

तिने दुसरी नळी तपासली. तिच्यात मुद्दाम पूड न घालता नुसतं तेच पाणी ठेवलेलं असतं, भेसळ झाली तर तिथेही दिसावी म्हणून. त्यातही राजा हजर! गेल्या आठवड्यात साहेब मास्क खाली ओढून पाण्याच्या उघड्या बाटलीवर तासभर बोलले होते आणि ही भित्री नुसती मान डोलवत राहिली होती. थुंकीचा एक कण पुरतो. यंत्रात डीएनएचे दोन धागे सुटतात, प्रत्येक धागा आपला जोडीदार नव्याने जुळवतो. एकाचे दोन, दोनाचे चार, तीस फेऱ्यांत अब्जावर. साहेबांच्या गप्पांसारखंच.

ती जिना उतरून त्यांच्यापुढे उभी राहिली.

"सर, राजा पाण्यातही आहे. म्हणजे तो तुम्हीच आहात. मास्क वर करा म्हणायला मी घाबरले, चूक माझी."

साहेब लालबुंद झाले. मग खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईतो हसले.

"अगं, आईला सकाळीच फोन केलाय मी. ती राजमाता होऊन बसलीय."

चिमूटभर पूड उरली होती, एकाच खेपेपुरती. ती वाया गेली तर तीन वर्षं पाण्यात. नेवेनाने नवी बाटली फोडली आणि साहेबांना दाराबाहेर काढलं.

चार दिवसांनी निकाल आला. पाण्याची नळी कोरी होती, दाताच्या नळीत मात्र डीएनए होता. तिने यादी दोनदा पडताळली.

"कोणाचा गं?" दारापलीकडून साहेबांनी विचारलं.

"आपल्यापैकी कोणाचाच नाही, सर," ती म्हणाली आणि हसता हसता रडायलाच लागली.