माझ्या पोटातला बुडबुडा

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढे. माझ्या पोटात, कडेच्या जरा आत, एक बुडबुडा आहे. तो मोहरीच्या दाण्याहूनही लहान आहे. तेवढ्याशा बुडबुड्याने एका घराचे वाटोळे केले.

मला घासले एका चष्मेवाल्याने. त्याच्या दुकानात एक शिस्त होती. भिंग तयार झाले की ते खिडकीशी धरायचे आणि बोटांत एक पूर्ण फेरा फिरवायचे, म्हणजे काचेतला दोष पकडला जातो. मुलीलाही त्याने हेच शिकवले होते. गिऱ्हाइकाचा एकही चष्मा फेऱ्याशिवाय दुकानाबाहेर पडला नाही. मला मात्र त्याने फिरवले नाही. मी त्याच्या स्वतःच्या दुर्बिणीसाठी होते, बारा दिवसांनी ऊन पडले होते, आणि कधी एकदा सूर्य पाहतो असे त्याला झाले होते.

दुर्बिणी तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या. ग्रंथांत सूर्य निष्कलंक होता, म्हणजे तो निष्कलंकच, विषय संपला! आमचा चष्मेवाला मात्र खिडक्या लावून, दुर्बिणीतून सूर्याचे बिंब कागदावर पाडी. त्याची मुलगी त्यावरचे काळे डाग वहीत टिपून घेई. रोज दुपारी, पाच वर्षे. डाग दिवसागणिक सरकत आणि कडेला जाऊन दिसेनासे होत. गावातले विद्वान हसत. "डाग सूर्यावर नाहीत रे बाबा, तुझ्या काचेत आहेत!"

मग दुर्बिणीतले आधीचे भिंग फुटले आणि त्याच्या जागी मी आले. माझ्याबरोबर एक नवा ठिपका आला. तो काही केल्या जागचा हलेना. चष्मेवाला हरखून गेला.

"हा डाग नव्हे पोरी, ग्रह आहे ग्रह! सूर्यासमोर ठाण मांडून बसलाय."

त्याने विद्वानांना पत्र धाडले, या आणि पाहा.

दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेला असताना मुलीने दुर्बिणीची नळी हळूच फिरवली. ठिपकाही फिरला. म्हणजे तो सूर्यासमोर नव्हता, माझ्या पोटात होता. मी मनातल्या मनात ओरडले, सांग, आजच सांग! तेवढ्यात वडील जिना चढून आले, शीळ घालत. तिची आई गेल्यापासून त्या घरात कोणी शीळ घातली नव्हती. मुलीने नळी पुन्हा होती तशी करून ठेवली.

तीन विद्वान आले. त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्याने ठिपका निरखला आणि नळी फिरवली. "काय हो, तुमचा ग्रह तर माझ्या हाताबरोबर फिरतो!" खोलीत हशा पिकला. बाकीचे डाग, ते खरे डाग, नळी फिरली तरी जागच्या जागी होते. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

ते गेल्यावर चष्मेवाल्याने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"तुला माहीत होतं?"

"हो, बाबा."

"मग बोलली का नाहीस ग?"

"तुम्ही शीळ घालत होतात."

त्या संध्याकाळी त्याने पाचही वर्षांच्या वह्या चुलीत घातल्या. पुन्हा त्याने सूर्याकडे पाहिले नाही. हिवाळा सरायच्या आत तो गेला.

दुकान मुलीने चालवले. काही वर्षांनी बातमी आली की दूरच्या शहरात कोणी तेच डाग टिपले आणि सूर्य स्वतःभोवती फिरतो हे सिद्ध केले. तिने मला डबीतून काढले, खिडकीशी धरले आणि एक पूर्ण फेरा फिरवले. "बाबा, आपले डाग खरे होते हो," ती म्हणाली, आणि खूप रडली. पुढे हवेलाही वजन असते हे कळले, मग लंबकाचे घड्याळ आले, मग पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव दिसले. तोवर ती पार म्हातारी झाली होती. प्रत्येक बातमी तिने मला हातात घेऊन बाबांना सांगितली. ऐकायला मीच तेवढे होते.

मित्रांनो, काच कितीही आवडती असली तरी ती एकदा फिरवून पाहा. आणि दोष दिसला तर, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला त्याच दिवशी सांगा. त्याची शीळ थांबेल, पण त्याच्या वह्या वाचतील.