साहेबांची जीप टेकडीआड

बाईंनी उमेदीची वर्षं ज्या रेडिओत घातली, त्याचं तत्त्व सोपं होतं. टॉवर नाही, तार नाही. प्रत्येक जवानाच्या पाठीवरचा सेट शेजारच्याचा निरोप उचलतो आणि पुढे ढकलतो. एक पडला, तर दुसरा वाट देतो.

लष्कराची मंजुरी तोंडावर आली आणि बाईंच्या प्रयोगशाळेच्या संचालकांना साक्षात्कार झाला. म्हणे, प्रत्येक निरोप आधी तुकडीच्या मोठ्या साहेबांच्या सेटवरून गेला पाहिजे.

"साहेबांना वगळून जवान आपापसात बोलणार? शिस्त नावाची काही चीज आहे की नाही?"

"अहो सर, मग साहेबांचा सेट गेला की सगळेच मुके."

"साहेबांचा सेट जात नसतो, बाई."

झालं! नियम घातला गेला. तो घालायची-काढायची कळ तेवढी बाईंनी स्वतःच्या लॅपटॉपमध्ये ठेवली. चाचण्या झकास झाल्या. होणारच. दर वेळी साहेबांची जीप टेकडीच्या माथ्यावर, वर छत्री.

हीच तुकडी लवकरच डोंगरात लढायला जाणार होती आणि तिच्यात बाईंचा सख्खा भाचा होता. बहीण फोनवर विचारायची, "ताई, चालतंय ना गं तुझं यंत्र?" हो म्हणायला बाईंची जीभ वळत नव्हती.

शेवटच्या चाचणीला बाई तडक जीपपाशी गेल्या.

"साहेब, जरा खाली ओढ्यात उतरता?"

"ओढ्यात? कशाला?"

"लढाईत काय माथ्यावर छत्री लावून बसणार आहात?"

संचालकांचं तोंड नासलेल्या दुधासारखं झालं. साहेब मात्र हसले आणि जीप घेऊन उतरले. जीप टेकडीआड गेली मात्र, मैदानभरचे सेट एकजात गप्प. हातभर अंतरावरचे दोन जवान सेट थोपटत राहिले. शेवटी एकानं तोंडानंच हाक मारली, "ऐकू येतंय का रे?"

"आता येतंय!"

बाईंनी तंबूत जाऊन लॅपटॉपवरून नियम काढून टाकला. सेट एकेक करून बोलू लागले. ओढ्यातून साहेबांचाही आवाज आला, "हां, आता ठीक. मला वाट कुणी दिली?"

बाईंनी पडद्यावर पाहिलं. "तुमच्या स्वयंपाक्यानं. ओढ्याच्या वळणावर पाणी भरतोय, त्याच्या पाठीवर सेट आहे."

"माझा हुकूम स्वयंपाक्यामार्फत जाणार?"

संचालक तंबूतल्या सेटकडे सरसावले. "साहेब, नियम लगेच परत घालतो!"

बाईंनी लॅपटॉप मिटून काखोटीला मारला. "घाला की. माझ्या हातून नाही. पोरं तिकडे मुकी मरतील आणि मी बहिणीला काय तोंड दाखवू?"

सेट चालूच होता. सगळ्या मैदानानं ऐकलं.

"नियम नको," ओढ्यातून साहेब म्हणाले. "पण त्या स्वयंपाक्याला बजावा, जागचा हलू नकोस म्हणावं."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो साहेब, त्याला हलता यावं म्हणूनच तर एवढा खटाटोप केलाय!"